मदत हवी आहे: अथेन्सच्या घुबड नाण्याचा दर्जा कसा ठरवायची?

नमस्कार मंडळी,

प्राचीन अथेन्सचं चांदीचं टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं नाणं) घ्यायचा विचार आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातलं, एका बाजूला ग्रीक देवी अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीचं हे नाणं मला फार आवडतं, आणि आयुष्यात एकच घेणार आहे, म्हणून नीट पारखून घ्यायचंय.

लिलावातली दोन नाणी डोळ्यांसमोर आहेत. पहिल्यात अथीनाच्या शिरस्त्राणाचा तुरा जवळजवळ पूर्ण उमटलाय, जे या नाण्यांत क्वचितच दिसतं, पण पृष्ठभाग खरबरीत आहे. वजन १६.६ ग्रॅम. दुसरं १७.२ ग्रॅमचं, म्हणजे प्रमाण वजनाचं, चांदी छान गुळगुळीत, घुबडाचे डोळे ठसठशीत. मात्र तुरा नाण्यावर पूर्ण मावलेला नाही आणि कडेला छिन्नीची खोल चीर आहे. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला त्या काळीच मारलेली असावी. मला स्वतःला ती चीर खुपत नाही, उलट इतिहासच वाटतो. पण किमतीत ती किती धरतात?

शिवाय अथीनाचं गाल-नाक सपाट दिसतं, ते वापरामुळे झिजलंय की नाणं पाडायचा ठसाच झिजलेला होता, हे फोटोवरून कसं ओळखायचं? पहिल्याचं वजन कमी भरतंय ते चांदी आतून ठिसूळ झाल्यामुळे असेल का? की बनावटीची शंका घ्यावी?

दुसऱ्याची जुन्या लिलावातली नोंद उपलब्ध आहे, पहिल्याची नाही. जाणकारांनी कृपया सांगा, तुम्ही कोणतं निवडाल आणि का?