कमर्शियल बिल्डिंगमधली छुपी गळती: फोडाफोडीआधी कोणाला बोलवावं?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या कमर्शियल सोसायटीचा मी यंदा सेक्रेटरी आहे (बाकी कोणी तयार नव्हतं, म्हणून). तळमजला अधिक ४ मजले, ४२ गाळे आणि ऑफिसं. डिसेंबरपर्यंत दिवसाला एक टँकर पुरायचा, फेब्रुवारीपासून दोन लागतायत. माणसं वाढलेली नाहीत, उलट तिसऱ्या मजल्यावरचं एक मोठं ऑफिस रिकामं झालंय. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये एका भिंतीला ओल आहे. नेहमीचा प्लंबर म्हणतो, त्या भिंतीच्या सरळ वर येणारे सगळे टॉयलेट ब्लॉक फोडायला लागतील. दुसऱ्या एकाने 'मशीन लावून शोधायचे' ४५ हजार सांगितले, आणि सापडलं नाही तरी पैसे द्यायचे. थर्मल कॅमेरावाला बोलवू, गळतीचा आवाज मशीनने ऐकणारा बोलवू, की पाइपात गॅस भरून शोधणारा? पुण्यात कोणी खात्रीचं माहीत असेल तर सांगा.

बाजीराव_रोड
आधी टँकर भरून येतो का ते बघा. आमच्याकडे १० हजार लिटरचा म्हणून जो यायचा तो टाकीत मोजला तर साडेसात निघाला. गळती पाइपात नव्हती, टँकरवाल्याच्या पावतीत होती.

कर्वेरोडकर
हा हा. मोजला, बरोबर आहे. टँकरवाला प्रामाणिक निघाला हे कमिटीत सांगितलं तर दोघांचा चेहरा पडला.

सुलभा_के
थर्मल कॅमेऱ्याबद्दल अनुभव सांगते. आमच्या ऑफिसात गेल्या ऑगस्टमध्ये आणला होता. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही हो, फक्त गार-गरम दिसतं. ओल्या जागेवरचं पाणी सुकताना भिंत गार होते, तो फरक तो टिपतो. भर पावसाळ्यात काही सुकतच नाही, मग फरक कुठून दिसणार? त्या माणसाने ज्या निळ्या डागावर बोट ठेवलं, तो आतल्या बाजूच्या एसीच्या झोताचा निघाला. चार टाइल्स गेल्या. गरम पाण्याची लाइन असेल तर मात्र छान दिसते म्हणतात.

तुषार_ठाणे
मी २२ वर्षं प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टर आहे. मशीनवाला मी पण बोलावतो, पण सगळ्यात शेवटी. अख्खी बिल्डिंग त्याच्या हवाली केली की तो दिवसभर फिरून रिपोर्ट देतो आणि 'संशयित जागा' आठ निघतात. तुम्ही त्याला एक मजला, एक लाइन काढून द्या, मग तो तासात बोट ठेवेल.

आधी टाक्यांचा हिशोब करा. रविवारी रात्री सगळं बंद झालं की पंप बंद, इनलेट बंद, आणि प्रत्येक टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण. पहाटे परत बघा. टाकीची आतली लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, त्याला १० ने गुणलं की एक सेंटिमीटरला किती लिटर ते येतं. ५ बाय ४ ची टाकी असेल तर २०० लिटर. वरची टाकी उतरली तर लायनी बघायच्या, खालची उतरली तर टाकी स्वतःच पाझरतेय किंवा टाकीतून पंपाकडे जाणारा सक्शन पाइप बघायचा. आणि खालच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप थेट ड्रेनेजला जोडलेला असेल तर तो इनलेट चालू असताना जरूर तपासा. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ) नीट बसत नाही, रात्री पालिकेचं प्रेशर वाढतं आणि पाणी गुपचूप गटारात जातं.

बेसमेंटच्या ओलीवरून काही ठरवू नका. पाणी स्लॅबवरून उताराने कुठेही फिरतं आणि जिथे फट मिळेल तिथे उतरतं.

वाशी_फॅसिलिटी
तुषारदादा, सहमत. एक भर घालतो. तुमच्याकडे फायर हायड्रंटची (आग विझवायच्या पाण्याची) लाइन असेल तर पंपरूममध्ये तासभर बसा आणि जॉकी पंप (त्या लाइनचा दाब उतरला की आपोआप उठणारा छोटा पंप) किती वेळा चालू होतो ते मोजा. ती लाइन भरून नुसती उभी असते, कोणी पाणी वापरत नाही, म्हणून जॉकी क्वचितच उठायला हवा. आमच्या बिल्डिंगमध्ये तो दर सहा मिनिटांनी उठायचा आणि ऑपरेटरला वाटायचं की हे असंच असतं. जमिनीखालचा एमएस (पोलादी) पाइप कुजला होता, पेव्हर ब्लॉकखालून पाणी थेट नाल्यात. आमच्याकडे फायर टँक वापराच्या टाकीतूनच भरायचा, म्हणून तो हिशोब कोणाच्या लक्षातच आला नाही.

कर्वेरोडकर
रविवारचा रिपोर्ट. रात्री ११ ते पहाटे ६, म्हणजे ७ तास. वॉचमनसोबत मी स्वतः गच्चीवर, बॅटरी तोंडात धरून. खालची टाकी जागच्या जागी, ओव्हरफ्लो कोरडा. जॉकी पंप एकदाही उठला नाही. वरची पिण्या-वापरायची टाकी (तुषारदादांनी लिहिलेलीच ५ बाय ४, योगायोग) ९ सेंटिमीटर उतरली, म्हणजे १८०० लिटर. फ्लशची टाकी ३ बाय २ ची, ती २१ सेंटिमीटर उतरली, १२६० लिटर. तासाला दोन्ही मिळून जवळपास ४४० लिटर, दिवसाला साडेदहा हजार. आमचा दुसरा टँकर सापडला! फक्त जातो कुठे ते कळायचंय.

तुषार_ठाणे
वा, हे काम फार कमी सेक्रेटरी करतात.

फ्लशचं सोपं आहे. प्रत्येक टॉयलेटच्या फ्लश टँकमध्ये खायचा रंग टाका, अर्धा तास कोणी फ्लश करायचं नाही. कमोडमध्ये रंग उतरला की आतला वॉशर गेला. ते रिकामं ऑफिस आधी उघडा. बंद जागेतला चालू फ्लश कोण ऐकणार?

वापरायच्या टाकीला डाउनटेक (गच्चीवरून खाली येणाऱ्या लायनी) किती? समजा सहा. प्रत्येकाच्या तळमजल्यावरच्या नळाला एक साधा प्रेशर गेज (दाब दाखवणारा काटा) लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्या लाइनवरचे बाकी सगळे नळ बंद, अँगल कॉकसुद्धा (बेसिन-फ्लशला पाणी देणारे छोटे व्हॉल्व्ह). मग गच्चीवरचा त्या डाउनटेकचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली काटा बघा. लाइन ठीक असेल तर काटा हलणार नाही. गळती असेल तर पाइपातलं पाणी उतरत जाईल, पण फक्त गळतीच्या उंचीपर्यंत! तिथे काटा थांबतो. एक किलो प्रेशर (चौरस सेंटिमीटरला) म्हणजे १० मीटर पाणी. काटा ०.७ वर थांबला तर गळती गेजच्या वर ७ मीटरवर. काटा शून्यावर गेला तर गळती गेजच्या उंचीला किंवा खाली. व्हॉल्व्हखाली एअर व्हेंट उघडा हवा, नसेल तर वरच्या मजल्यावरचा एक नळ उघडा ठेवा (मग लाइन ठीक असली तरी काटा त्या नळाच्या उंचीपर्यंत उतरेल), नाहीतर आत हवा न शिरल्याने पाणी अडकून बसतं आणि काटा खोटं सांगतो.

सुलभा_के
हे कुठल्या पुस्तकात आहे?

तुषार_ठाणे
माझ्या उस्तादाने दाखवलं. भिवंडीत, गोदामात, मी १९ वर्षांचा असताना. चहा प्यायला गेला आणि म्हणाला, काटा थांबला की बोलाव.

कर्वेरोडकर
धन्यवाद दादा. तळमजल्याच्या हॉटेलवाल्यांना बुधवारी रात्री नळ बंद ठेवायला पटवणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम होतं. एक शटडाउन म्हणजे जणू त्यांची जमीन मागतोय.

निकाल: तिसऱ्या मजल्याच्या रिकाम्या ऑफिसात भिंतीत बसवलेला फ्लश टँक अखंड वाहत होता. काचेसारखी बारीक, चमकती धार, आवाज अजिबात नाही. अँगल कॉक बंद केला. फ्लशची टाकी पुढच्या रात्री हललीच नाही.

डाउनटेकपैकी पाच ठीक. मागच्या जिन्याजवळच्या लाइनचा काटा २ वरून निघाला आणि १२ मिनिटांत ०.७ वर येऊन बसला. तुमचं उदाहरण आणि माझा काटा सारखाच, अंगावर काटाच आला. गेज जमिनीपासून अर्धा मीटरवर, म्हणजे साडेसात मीटर. मजल्याची उंची ३.६, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या फरशीची पातळी. बेसमेंटची ओल मात्र पुढच्या बाजूला आहे, अगदी दुसऱ्या टोकाला.

तुषार_ठाणे
आता बोलवा आवाजवाला. पण आधी विचारा, पाइप जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) की सीपीव्हीसी (प्लास्टिकचा). लोखंडात आवाज लांब जातो, प्लास्टिकमध्ये लवकर मरतो. वरच्या टाकीच्या नुसत्या दाबावर आवाजही क्षीण असतो, म्हणून त्याला सांगा, चाचणीच्या पंपाने लाइनवर जरा जास्त दाब द्या, पाइप जुना आहे तर बेताने. रात्री या, दिवसा रहदारीत काही कळणार नाही. तरीही ऐकू आलं नाही तर गॅस: पाइप रिकामा करून ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन भरतात. या मिश्रणाला आगीची भीती नाही, आणि हायड्रोजन इतका हलका की फरशीतून वर येतो, सेन्सर पकडतो. आणि 'पूर्ण बिल्डिंग' असा दर ठरवू नका. एक ब्लॉक, एक रात्र, सापडलं तर पैसे, असं बोला.

कर्वेरोडकर
सापडलं. आम्ही ठरवलेल्या माणसाने दुसऱ्या मजल्याच्या एकाच टॉयलेटवर ४० मिनिटं घालवली. वॉश बेसिनखालची जीआयची जुनी लाइन, त्यात पाच वर्षांपूर्वी कोणीतरी सीपीव्हीसीचा तुकडा जोडलेला, जोडाचे आटे झिजलेले. दोन टाइल्स फोडल्या. ९ हजार त्याचे, प्लंबरचे वेगळे. सोमवारपासून परत एकच टँकर.

पण बेसमेंटची ती भिंत अजून ओलीच आहे. चार दिवस झाले.

वाशी_फॅसिलिटी
सोमवार ते शनिवार ओली आणि रविवारी कोरडी असते का?

कर्वेरोडकर
थांबा, वॉचमनला विचारतो.

हो. म्हणतो, रविवारी पुसून घेतो तेव्हा सुकलेली असते. मी हे आधी का नाही विचारलं!

वाशी_फॅसिलिटी
मग ते नळाच्या लाइनचं पाणी नसणार, बहुतेक एसीचं आहे. डक्टमधून (पाइपांच्या उभ्या पोकळीतून) उतरलेल्या ड्रेन पाइपचा जोड कुठेतरी निसटला असेल. थेंब गोळा करून टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) लावा, एसीच्या ताज्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पण भिंतीवरून ओघळलेलं घेऊ नका, ते सिमेंटचे क्षार घेऊन येतं आणि आकडा फुगतो. पाइपच्या तोंडाशीच धरा. पहिल्या मजल्यापासून बघत वर जा.

कर्वेरोडकर
पहिल्या मजल्यावर हॉटेलवाल्यांच्याच बँक्वेट हॉलचे दोन युनिट आहेत. म्हणजे परत त्यांच्याशीच बोलायचंय.