पाळ्या बदलत असताना लिहिण्याची सवय कशी टिकवावी?

सातपूरकर
नमस्कार. मी नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि गेली ६ वर्षे कथा लिहितो. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रोज पहाटे ठरावीक वेळी लिहायला बसावे, हा सल्ला मी मनापासून पाळून पाहिला. परंतु तिसरी पाळी लागली की पहाटे मी यंत्रापुढे उभा असतो आणि जेमतेम बसलेली घडी विस्कटते. त्यानंतर वही उघडली तरी माझीच पात्रे मला परकी वाटतात. नोकरी किंवा घर सांभाळून लिहिणाऱ्यांनी आपली सवय कशाला बांधून घेतली आहे? आणि काहीच सुचत नाही, त्या दिवसांत आपण काय करता?

निवृत्त शिक्षक, पंचवटी
कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मी दर वर्षी रोज लिहिण्याचा संकल्प करीत असे आणि मार्चमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की तो मोडत असे. पुढे मी घड्याळाचा नाद सोडला आणि लेखन संध्याकाळच्या चहाला जोडले. चहा पाचला होवो वा आठला, कप खाली ठेवला की वही उघडायची, मग चार ओळी झाल्या तरी चालतील. आपणही कामावरून परतल्यावर, अंघोळीपूर्वीची २० मिनिटे राखून पाहावीत. दुसरे असे की, उठताना वाक्य मुद्दाम अर्धे सोडावे. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करण्यासाठी आधीचे पान वाचावेच लागते आणि पात्रांची ओळख पुन्हा पटते. सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत जा. १८४० पासून चालत आलेल्या त्या संस्थेत शेजारचा माणूस मुकाट्याने वाचत असला की आपल्यालाही उठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

द्राक्षबागेतली
मी निफाड तालुक्यात राहते. सुचत नसलेल्या दिवसांविषयी मला आवर्जून लिहावेसे वाटते. आमच्याकडे द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर नुसत्या काड्या आणि पाने वाढतात, एक मणीही दिसत नाही. परंतु पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड त्याच काळात, काडीवरच्या डोळ्यांत तयार होत असतात. त्या दिवसांत ऊन आणि अन्न कमी पडले, तर ऑक्टोबरनंतर कितीही मेहनत केली तरी घड कमीच निघतात. म्हणून न लिहिण्याच्या दिवसांत मी वाचते आणि ऐकलेले बोलणे टिपून ठेवते. काल डबा खाताना एक मजूर बाई म्हणाली, "पोरगी सासरी गेली आणि घरातला आवाजच गेला." पिशवीतल्या औषधाच्या पावतीमागे मी ते तसेच्या तसे लिहून घेतले. ते कोणत्या कथेत जाईल, हे आज मला माहीत नाही. आपल्या तिसऱ्या पाळीत तर असे कितीतरी बोलणे कानावर पडत असेल.

सातपूरकर
दोघांचेही मनापासून आभार. रात्री तीनच्या चहाला आमच्याकडे माणसे खरोखरच मोकळेपणाने बोलतात, आणि इतकी वर्षे मी तो वेळ वाया गेला असे समजत होतो. आज रात्री खिशात लहान वही ठेवून जात आहे.