स्पितीला जाऊन आलेल्यांनो, इथे लिहा

दादरची_माई
सकाळी लेकीने घरच्या ग्रुपवर हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याच्या सहलीचं वेळापत्रक टाकलं. मनालीहून थेट वर, सगळे मिळून सहा दिवस, शेवटची रात्र चंद्रताल तळ्याकाठी, आणि लगेच मनाली, चंदीगड, मुंबईचं विमान. एक दिवससुद्धा मोकळा नाही. ते वाचलं आणि माळ्यावरून जुना थर्मास खाली काढला. बुडाला पोचा आहे, म्हणून वापरात नाही, पण टाकवत नाही.

२०१८चा जुलै. स्पितीतल्या काझाहून निघून दुपारी दोनला लोसरला पोचलो. कुंझुम खिंडीच्या अलीकडचं हे शेवटचं गाव. आमचा ड्रायव्हर स्पितीचाच. गाडी बंद केली आणि म्हणाला, "आज नहीं जी, नाले में पानी चढ़ गया होगा." ऊन लख्ख होतं, आभाळात ढग नाही. चंद्रतालच्या तंबूचे पैसे आधीच भरलेले. आमचे हे खूप चिडले, तासभर वाद घातला. तो शांतपणे एवढंच सांगत राहिला की वरचं बर्फ सकाळपासून वितळतं आणि ते पाणी खाली रस्त्यावर यायला दुपार होते. नाले सकाळीच ओलांडायचे.

राहिलो मग लोसरला. मटारचा हंगाम होता. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तंदूरशेजारी बसून मी तिच्याबरोबर शेंगा सोलल्या. तिला मराठी कळेना, मला तिची बोली, पण टोपली भरली.

पहाटे पाचला निघालो. कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीनेच प्रदक्षिणा घालतात, ती घातली. पुढच्या नाल्यात पाणी जेमतेम घोट्याएवढं, पण मधोमध एक गाडी अडकलेली. आदल्या संध्याकाळपासून. आत चार माणसं आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा, रात्रभर तसेच बसलेले. हे थर्मास घेऊन पाण्यात उतरले, दगडावरून पाय सरकला, थर्मास आपटला, पण चहा त्या पोरापर्यंत पोचला. परत आल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, "आजपासून तुम्ही म्हणाल ते."

लेकीला हे सांगितलं तर म्हणते आई, आता रस्ते सुधारलेत. तुम्ही सगळे लिहा, तिला वाचायला देते.

बोरिवली_ते_बातल
माई, पहिलं म्हणजे दिशा बदलायला सांगा. शिमल्याहून चढायचं, मनालीला उतरायचं. शिमला २२०० मीटरच्या आसपास, कल्पा २९६०, नाको ३६००च्या वर, ताबो ३२८०, मग काझा ३८००. अंगाला वेळ मिळतो. मनालीकडून आलात तर २००० मीटरवरून एका दिवसात कुंझुमचे साडेचार हजार. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. अटल बोगद्यामुळे (२०२०पासून) मनालीची बाजू जवळ वाटते, पण शरीराला बोगदा नाही.

फक्त ऐन पावसात शिमल्याकडच्या वाटेवर, किन्नौरच्या बाजूला, दरडी येतात. सप्टेंबर उत्तम.

कांदेपोहे_मुलुंड
आईला काझाला पहिल्याच रात्री उलट्या. आम्ही घाट लागला असेल म्हणून आवळा सुपारी देत बसलो, तिचं डोकं ठणकतंय हे ती सांगेचना, आपल्यामुळे सगळ्यांची ट्रिप बिघडायला नको म्हणून. उंचीचा त्रास आहे हे ओळखलं ते ड्रायव्हरदादाने. जेवताना तिच्याकडे बघून म्हणाले, माताजी को नीचे ले चलते हैं. काझाच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सकाळी ताबोला उतरलो, दुपारी आई वरणभात मागायला लागली. घरातल्या मोठ्यांना रोज विचारा, डोकं दुखतंय का. दोनदा विचारा. आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी मनाने घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना चालेलच असं नाही. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

दादरची_माई
@कांदेपोहे आईंना नमस्कार सांगा. आपल्या बायका दुखणं सांगतच नाहीत हो.

गिरगावकर७१
ताबोच्या बौद्ध मठासाठी अख्खा दिवस ठेवा, अर्धा नाही. इ.स. ९९६ची स्थापना. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात चित्रंच चित्रं. हिमालयातलं अजिंठा म्हणतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, माणूस डोळ्यांनी बघतो. मी दीड तास बसून होतो. आमचा गाईड गावातलाच, त्याने घाई केली नाही, की माहितीचं पाठांतर म्हटलं नाही. विचारलं तेवढं सांगितलं. असा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

स्वयंपाकघर_ठाणे
काझाला जाईपर्यंत चिवड्याची पाकिटं उशीसारखी फुगली 😄 एक फुटलं, सगळ्या गाडीत शेंगदाणे. पाकिटांना आधीच टाचणीने भोक पाडून डब्यात भरा. आणि वर पाणी ८७-८८ अंशालाच उकळतं, भात कच्चा राहतो, कुकर असलेल्या होमस्टेतच खिचडी सांगा. मेतकूट न्या, गरम भात मेतकूट तूप, बाहेर थंडी. स्वर्ग.

कांदेपोहे_मुलुंड
@स्वयंपाकघर ताई मेतकुटाचं प्रमाण द्या ना, माझं कडवट होतं

स्वयंपाकघर_ठाणे
मेथी जास्त पडते तुमची. एक वाटी हरभराडाळीला पाव चमचा बास. मंद भाजा. बाकीचं रात्री लिहिते, कुकर लावलाय

परळ_टू_पांगी
आमचं दुःख वेगळं. एका टूरवाल्याला मुंबईतून पूर्ण पैसे दिले. बोलणं मोठ्या गाडीचं होतं, शिमल्याला लहान गाडी उभी. ड्रायव्हर खालचा, त्या रस्त्यावर पहिल्यांदाच. मलिंगच्या दरडीच्या पट्ट्यात त्याचे हात थरथरत होते, त्याचाही दोष नाही बिचाऱ्याचा. म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: गाडी कुठली, ड्रायव्हर त्या खोऱ्यातला आहे का, रस्ता बंद झाला तर जास्तीच्या रात्रीचा खर्च कोणाचा. तिसऱ्या प्रश्नावरच माणूस कळतो.

बोरिवली_ते_बातल
+१. आणि काझाला टाकी भरा. पुढे मनालीपर्यंत २०० किलोमीटर, मध्ये पंप नाही. रोख पैसे शिमल्यातच काढा, वर एटीएमचा भरवसा नाही.

चाळीतला_पाहुणा
मी गेलो नाही अजून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. स्पितीतल्या हिक्कीम गावच्या पोस्टातून भाच्याने पत्र टाकलं होतं, ४४०० मीटरवरून आमच्या लालबागच्या खोलीत आलं. देवघराशेजारी लावलंय. तुम्ही लिहा, मी वाचतोय.

दादरची_माई
@चाळीतला_पाहुणा दादा, लेक हिक्कीमला जाणारच आहे. पत्ता मला निरोपात पाठवा, ती तुम्हाला पत्र टाकेल.

नवी_सॅक_हवी
कोणाकडे ६० लिटरची सॅक आहे का, दहा दिवसांसाठी? डोंबिवली पूर्व. ऑक्टोबरमध्ये सांधणला जातोय, स्पिती नाही, सॉरी

कांदेपोहे_मुलुंड
आहे, चेन थोडी अडकते. रविवारी मुलुंड स्टेशनला या, तिकीटघराजवळ.

दादरची_माई
सगळं वाचून दाखवलं. आधी गप्प होती. मग कांदेपोह्यांच्या आईचं परत वाचायला लावलं, कारण तिची सासू बरोबर जाणार आहे. आता शिमल्याहून चढणार, नऊ दिवस, लोसरला एक रात्र जादा, आणि विमान त्याच्याही एक दिवस नंतर. रजेसाठी उद्या साहेबांशी बोलते म्हणाली.

थर्मास तिच्या बॅगेत ठेवायला हे स्वतः घासून देताहेत.

स्वयंपाकघर_ठाणे
मेतकूट: हरभराडाळ १ वाटी, तांदूळ अर्धी, उडीद पाव, गहू २ चमचे, धणे जिरे १-१ चमचा, मेथी पाव चमचा, हिंग हळद सुंठ. वेगवेगळं भाजा. माई, लेकीसाठी डबा भरून ठेवते, शनिवारी ठाण्याहून दादरला येतेच आहे.