सायकलची मागची रिम वाकलीय, तर फक्त रिम बदला
खड्ड्यात आपटून मागची रिम वाकली म्हणून अख्खा व्हीलसेट (दोन्ही चाकांचा जोड) घेऊ नका हो, आधी हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) हाताने फिरवून बघा, खरखर किंवा प्ले (ढिलेपणा) नसेल तर तो अजून आरामात चालेल. नुसती रिम घ्या, तेवढ्याच भोकांची आणि जुनीइतकाच इआरडी (रिमचा आतला व्यास, ज्यावरून स्पोकची लांबी ठरते) असलेली, म्हणजे स्पोक तेच बसतात. नवी रिम व्हॉल्व्हचं भोक जुळवून जुनीला टेपने चिकटवायची आणि एकेक स्पोक सोडवून पलीकडे न्यायचा, मी ३२ स्पोकचं चाक असंच केलं, अख्खी दुपार गेली पण जमलं. आउट (चाकाचा डगमगाट) मात्र चांगल्या मेकॅनिककडूनच काढा. तयार चाकच घेणार असाल तर मागच्या ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसतं त्यांच्यामधलं) अंतर मोजा, रोड बाइकला रिम ब्रेक असेल तर बहुतेक १३० मिमी असतं, डिस्क ब्रेक असेल तर १३५ नाहीतर १४२.