रंकाळ्याची एक फेरी
अमेरिकेतला डेव्हिड टुलर पत्रकार माणूस, त्याला ट्रायलमधलं, म्हणजे पेशंटांवर उपचार तपासून बघतात त्यातलं, काय कळतंय असं म्हणतात, हे काय पटलं नाही बुवा. क्रॉनिक फटीग म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार, त्यावर हळूहळू व्यायाम वाढवणं वगैरे उपाय तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या पेस ट्रायलचं त्यानं २०१५ मध्ये जे मांडलं ते शाळकरी पोराला पण कळेल की, शारीरिक क्षमतेचा स्कोअर (शंभरपैकी, जास्त तितका चांगला) ६५ किंवा खाली असला तर पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचा आणि ६० असला की त्या निकषावर बरा, म्हणजे ६५ वरनं घसरून ६० वर आला तरी पास!

आमच्या वहिनीला पण डॉक्टरांनी रोज थोडं थोडं चालणं वाढवा म्हणून सांगितलेलं, तिसऱ्या दिवशी रंकाळ्यावरच्या संध्यामठापाशी खालीच बसली, रिक्षानं घरी आणली आणि पुढं आठ दिवस वेणी घालायला हात वर होईना. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाईस संस्थेनं २०२१ मध्ये तो वाढत्या व्यायामाचा सल्ला काढून टाकला, हिकडं अजून 'जरा फिरत जावा' चालूच आहे.