मदत हवी आहे: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अपेंडिसेस (सिनेमा कसा घडला ते दाखवणारे माहितीपट) कुठल्या संचात मिळतील?

'फेलोशिप' या पहिल्या भागाची २००२ची चार डिस्कची एक्स्टेंडेड डीव्हीडी माझ्याकडे आहे. तिसरी डिस्क आता अडकायला लागलीय. त्यातल्या अपेंडिसेस मला सिनेमाइतक्याच प्रिय आहेत. प्लास्टिकच्या पाइपाच्या चकत्या कापून, एकेक कडी हाताने ओवून चिलखतं केली. कड्या जोडता जोडता कारागिरांच्या बोटांचे ठसे झिजले! हे पाहिल्यावर लढाईत नजर आधी चिलखतावरच जाते.

२०२०च्या फोर-के संचात हे काहीच नाही, फार वाईट वाटलं. २०११च्या पंधरा डिस्कच्या ब्लू-रे संचात आहे, पण अपेंडिसेस डीव्हीडीवरच. अमेरिकन डीव्हीडी रीजन १ची (डीव्हीडी ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालावी म्हणून दिलेला क्रमांक), आपला प्लेअर ५चा. कुणी इथे तो संच लावून पाहिलाय का? कुठला प्लेअर घेऊ?