दिल्लीच्या निवडणूक संस्थेतलं ट्रेनिंग आपल्या बूथपर्यंत पोचतं का?

सातपुडा_मास्तर
नमस्कार मंडळी. जि.प. शाळेवर शिक्षक आहे, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळेस केंद्राध्यक्षाची ऑर्डर आली होती. परवा एका नायब तहसीलदार मित्राकडून कळलं की निवडणूक आयोगाची दिल्लीत द्वारकेला ट्रेनिंगसाठी खास संस्थाच आहे, आयआयआयडीईएम म्हणतात, २०११ पासून चालू आहे आणि परदेशातले निवडणूक अधिकारी सुद्धा तिथे शिकायला येतात. ऐकून अभिमान वाटला पण वाईटही वाटलं. आमचं ट्रेनिंग म्हणजे मंगल कार्यालयात तीन-चारशे माणसं, स्टेजवर एक मशीन, मागच्या रांगेला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, हजेरीच्या सह्या झाल्या की निम्मा हॉल रिकामा. मशीनला माझा हात लागला तो थेट साहित्य वाटपाच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी, समोर उमेदवारांचे एजंट बसलेत, पन्नास मतं टाकून झाली आणि मी क्लोज न दाबताच रिझल्ट दाबतोय, मशीन इनव्हॅलिड दाखवतंय, हात कापायला लागले हो. एक नंबरच्या मतदान अधिकारी मॅडम हळूच म्हणाल्या सर आधी क्लोज, तेव्हा कुठे पुढे सरकलं. तर दिल्लीत नक्की शिकवतात कोणाला, आणि ते खाली आमच्यापर्यंत यायची काही सोय आहे का?

निवृत्त_महसूल
मास्तर, मी बरीच वर्षं मास्टर ट्रेनर होतो म्हणून सांगतो. केंद्राध्यक्षांना दिल्लीला नेणं शक्यच नाही, विधानसभेला आपल्या राज्यात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती, एकेका केंद्रावर तुम्ही धरून साधारण चार माणसं आणि वर राखीव टीम, हिशोब करा. म्हणून साखळी असते. राष्ट्रीय मास्टर ट्रेनर, मग राज्याचे, मग जिल्ह्याचे, मग विधानसभा मतदारसंघाचे, आणि ते तुम्हाला शिकवतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा कोर्स वेगळा असतो, त्याला परीक्षा असते, ती पास व्हावी लागते.

वरचं शिक्षण खरंच चांगलं असतं, त्यात मला शंका नाही. पण प्रत्येक पायरीला थोडं थोडं गळत येतं आणि सगळ्यात आधी गळतो तो मशीनवरचा सराव, कारण त्याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. स्लाइड मात्र जशाच्या तशा खाली येतात. आम्ही एका वर्षी हट्टाने चाळीस-चाळीसच्या बॅच केल्या, एका टेबलावर एक सेट ठेवला, आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने क्लोज, रिझल्ट, क्लिअर करून घेतलं. जोडणी पण, बीयूची (मतदार बटण दाबतो ते युनिट) वायर व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी छापणारं मशीन), व्हीव्हीपॅटची सीयूला (अधिकाऱ्याजवळचं कंट्रोल युनिट), आणि जोडताना सीयू बंद पाहिजे. संध्याकाळी घसा बसला होता पण मतदानाच्या सकाळी फोन फार कमी आले.

क्लिअर दाबायचं राहिलं तर काय होतं ते पण लक्षात घ्या. मॉकची मतं तशीच राहिली तर मोजणीला ते मशीन बाजूला काढून ठेवावं लागतं, आणि पहिल्या-दुसऱ्या उमेदवारातलं अंतर अशा केंद्रांवरच्या मतांपेक्षा कमी निघालं तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजत बसावं लागतं. एका बटणापायी सगळा मतदारसंघ ताटकळतो.

अंगणवाडीताई_बीएलओ
दादा २०२५ मध्ये बीएलओंना, म्हणजे आमच्यासारख्या मतदार यादीचं काम करणाऱ्यांना पण दिल्लीत बोलावून शिकवायला लागले, बिहार बंगाल आसामचे लोक सुरवातीला गेले. आमच्या तालुक्यातून माझ्या ओळखीचं तरी कोणी गेलेलं नाही. तिथे अपिलाचं पण शिकवतात म्हणे, म्हणजे यादीतल्या नावाबद्दलचा निर्णय पटला नाही तर पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि एका आजींचं नाव कमी झालं तेव्हा मी त्यांना नुसतं नव्याने नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म भरा एवढंच म्हणाले, त्या तीन हेलपाटे घालून दमून घरी बसल्या. ते अजून मनाला लागतं. आम्हाला फॉर्म भरायचं शिकवतात पण दारात रागावलेल्या माणसाशी काय बोलायचं, त्याचा हक्क त्याला कसा सांगायचा, याचं पण ट्रेनिंग पाहिजे ना.

पुणेकर_लिपिक
मधेच विचारतो, झेडपी आणि महापालिकेच्या ड्युटीला पण हेच ट्रेनिंग चालतं का?

निवृत्त_महसूल
नाही, त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा आणि त्याचं ट्रेनिंग पण वेगळं. मुंबई सोडली तर महापालिकेत एका प्रभागात एकापेक्षा जास्त जागा असतात, एकेका मतदाराला साधारण तीन-चार मतं द्यायची असतात, त्यामुळे मशीनवरची पद्धत पण बदलते. आधीच्या सवयीवर जाऊ नका.

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

सातपुडा_मास्तर
मनापासून धन्यवाद साहेब. पुढच्या वेळेस ऑर्डर आली की ट्रेनिंगच्या आधीच तहसीलला लेखी अर्ज देतो, आमच्या केंद्रातल्या चौघांना अर्धा तास तरी मशीन हाताळायला द्या म्हणून. सोबत आणखी पाच-सहा शिक्षकांच्या सह्या घेतो.

निवृत्त_महसूल
जरूर द्या. आणि त्या अर्ध्या तासात क्लिअर करून थांबू नका, व्हीव्हीपॅटच्या डब्यातून मॉकच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात घालून सील करायचा सराव पण करा. पहाटेच्या घाईत लोक तेच विसरतात.